बावीस किलोवॅटची हौस

प्रमोदभाऊंनी चार्जर टेबलावर आपटला आणि माझा चहा बशीत सांडला.

"पाहा मॅडम. पोर्टेबल फास्ट चार्जर. बावीस किलोवॅट! दुकानात याच्याहून मोठा पीसच नव्हता."

प्रमोदभाऊंची नागपूरच्या प्रताप नगरात टूरिस्ट गाड्यांची एजन्सी आहे. मी इलेक्ट्रिकल कन्सल्टंट. भाऊंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि चार्जर निवडायला मला बोलावलं. मी पोचेपर्यंत ते निवडून मोकळे झाले होते. कन्सल्टंटला साधारणपणे असंच बोलावतात.

"गाडी किती किलोवॅट घेते?" मी विचारलं.

"जेवढे देऊ तेवढे घेते."

तसं नसतं. सॉकेटमधून येतो तो एसी करंट, बॅटरीला लागतो डीसी. हा बदल करणारं यंत्र गाडीच्या पोटातच असतं. बाहेरचा डबा फक्त करंट तपासून आत सोडतो. भाऊंच्या गाडीचं यंत्र सातेक किलोवॅट घेणारं. शिवाय बावीससाठी थ्री-फेज लाइन लागते. अर्ध्या इंचाच्या पाइपला चार इंची तोटी लावली म्हणून पाणी वाढत नाही.

"होईन सवय गाडीले हळूहळू," भाऊ म्हणाले.

मी हट्टानं दुसरा चार्जर घ्यायला लावला. गीझरच्या प्लगवर चालणारा, करंट कमी-जास्त करता येणारा, आणि अर्थिंग नसेल तर चक्क नकार देणारा.

"हा तर मोबाइलचा दिसून राहिला," भाऊ म्हणाले. पण घेतला. मोठाही ठेवून घेतला.

ट्रायलचा दिवस आला. पुण्याची एक कंपनी आपल्या पाहुण्यांना इलेक्ट्रिक गाड्यांनी जंगल सफारीला पाठवणार होती. तिच्या अधिकारी रेवती मॅडम स्वतः पाहायला आल्या. काम मिळणारच, या भरवशावर भाऊ आणखी गाड्या बुक करून बसले होते. मी 'टेक्निकल टीम' म्हणून मागच्या सीटवर.

आदल्या दिवशी भाऊंनी कामठीपासून कन्हानपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना गाडीत फिरवलं होतं. बॅटरी भरायची राहिली. जंगलाजवळच्या लॉजवर पोचलो तेव्हा परतीपुरतंही चार्जिंग उरलं नव्हतं. भाऊ निवांत होते. रेवती मॅडम लॉजच्या जीपमधून सफारीला गेल्या आणि भाऊंनी डिक्कीतून बावीस किलोवॅट बाहेर काढलं.

"थ्री-फेज सॉकेट कुठे आहे?" मी मॅनेजरला विचारलं.

"आहे ना मॅडम. सगळेच तीन पिनचे आहेत."

मोठा चार्जर परत डिक्कीत गेला. लहान लावला, तर लाल दिवा लुकलुकला.

"भिऊन राहिला का?" भाऊ.

"अर्थिंग नाहीये, भाऊ."

अर्थिंग म्हणजे गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला दिलेली वाट. लॉजच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे तारच नव्हती. भोक कंत्राटदारानं शोभेला ठेवलं असावं.

ड्रायव्हर बंडू पक्कड घेऊन पुढे आला. "भाऊ, टेन्शन नका घेऊ. न्यूट्रलवरून एक तार अर्थिंगच्या पिनले मारतो. लाइट हिरवा होते."

लाइट हिरवा होतोही. पण न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार. ती लॉजमध्ये कुठे सुटली, तर गाडीचा सगळा पत्रा करंट मारू लागतो. दार उघडायला हात लावणारा माणूस तिथेच चिकटतो.

"नाही," मी म्हणाले.

"काहून अडवून राहिल्या तुम्ही? अख्खं कॉन्ट्रॅक्ट चाललं माझं! बाई आल्यावर काय सांगू तिले?" भाऊ ओरडले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांचंही खोटं नव्हतं. गाड्यांचं बुकिंग त्यांच्या नावावर होतं.

"बरं, बंडूला तार जोडू द्या. तुम्ही गाडीला हात लावून उभे राहा. बटण मी दाबते."

भाऊंचा हात बॉनेटवरच होता. तो त्यांनी सावकाश उचलला आणि खिशात घातला.

मग आम्ही चार्जर उचलून सॉकेट-सॉकेट हिंडलो. पोर्टेबल शब्दाचा अर्थ त्या दुपारी मला नीट कळला. डायनिंग हॉल, लाल. रिसेप्शन, लाल. मॅनेजरची खोली, लाल. शेवटी विहिरीजवळचं पंपघर. दिवा हिरवा. तिथल्या मोटारीनं माळ्याला एकदा झटका दिला होता, म्हणून तेवढ्या एका जागी खरंखुरं अर्थिंग केलं होतं. झटका खाल्ल्याशिवाय आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा खणत नाहीत.

बंडूनं गाडी चिखलातून पंपघरापाशी नेली. चार्जिंग सुरू झालं, हळू, पण न थांबता. नाहीतरी सफारीला अख्खी दुपार जाते. वाघ काही फास्ट चार्जरनं लवकर दिसत नाही.

रेवती मॅडम परतल्या. शेणाच्या ढिगाशेजारी गाडी बघून थबकल्या. "हे चार्जिंग स्टेशन?"

"नेचर थीम आहे, मॅडम," भाऊ म्हणाले.

रेवती मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, बंडूच्या तारेसकट. भाऊ माझ्याकडे बघेनासे झाले. गाडी मात्र आरामात नागपूरला पोचली.

काम भाऊंनाच मिळालं. रेवती मॅडमची अट एक: प्रत्येक लॉजचं अर्थिंग आधी मी तपासायचं, मगच पाहुणे जाणार. भाऊ आता नव्या गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्याकडे सेफ्टीचं काम पहिल्यापासूनच कडक आहे." मी मान हलवते.

मला कुणी विचारलं, कोणता पोर्टेबल चार्जर घेऊ, तर मी आधी त्यांच्या घरचं सॉकेट बघते. चार्जर सोबत नेता येतो. अर्थिंग नेता येत नाही.