पूजेतली फाईल

“भाऊ, लेबल सरकून छापतंय. गाडी गेटवर उभी हाय.”

धाटावच्या केमिकल कंपनीतून संगीता म्हात्रेचा फोन. मी पेणला, माझ्या दुकानवजा ऑफिसात. तिथल्या डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मीच बसवलेलं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं. त्याला पिंपांची लेबलं छापणारं प्लगइन मी लिहिलं होतं. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला लावायचा जोड. मिक्सरला चटणीचं वेगळं भांडं लावतो तसा.

“लेबलचा रोल बदललात का?”

“व्हय. नवीन मोठा आलाय.”

“मग मी दिलेली कागदांची फाईल उघडा. माप कुठं बदलायचं ते त्यात लिहिलंय.”

“फाईल पूजेत हाय.”

त्या दिवशी खंडेनवमी. पूजेला मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावत नाही. पण डिस्पॅचचा कॉम्प्युटर बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून मॅनेजर कर्णिकसाहेबांनी तोडगा काढला. कॉम्प्युटरच्या वतीने त्याची फाईल पाटावर. वर हळद-कुंकू, झेंडूचा हार.

मला हसू येत होतं, पण तिचा आवाज रडवेला झाला होता. ती टेम्पररी. कायम करायची नावं साहेब त्याच आठवड्यात वर पाठवणार होते. माल वेळेत बंदरात पोचला नाही तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार.

माझ्याकडची प्रत काढून मी फोनवर वाचू लागलो. त्यातही गंमत अशी, की फोन साहेबांच्या केबिनमध्ये आणि कॉम्प्युटर शेडमध्ये. एक ओळ ऐकायची, धावत जाऊन टाइप करायची, परत यायचं. धापा टाकत ती शेवटी म्हणाली, “बसलं लेबल.” गाडी सुटली.

दसरा झाल्यावर मी रोह्याला गेलो. तिथून धाटाव. फाईल कुठे ठेवायची हे एकदाचं ठरवायचं होतं.

“माझ्या कपाटात ठेवू,” कर्णिकसाहेब म्हणाले. “सुरक्षित राहील.”

“आणि तुम्ही घरी गेलात की सेकंड शिफ्टने काय करायचं?”

मला इंटरनेटची भारी हौस. जगभरचे प्लगइनवाले माहिती वेबसाइटवर ठेवतात, असं मी ऐटीत सांगितलं.

“इंटरनेटला फोनची लाइन लागते. मी गेलो की फोनला कुलूप आणि किल्ली त्याच कपाटात.”

झालं, परत कपाटाशीच आलो.

“मग प्लगइनच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. एफ-वनचं बटण दाबलं की माहिती समोर.”

“कुणी फोल्डर पुसला तर?”

“तर प्लगइनही पुसलं जाईल. मग माहिती वाचून करायचं काय?”

साहेबांना पटलं. संगीताची एकच अट होती. “मराठीत लिवा. इंग्रजी वाचेस्तवर गाडी सुटेल.” त्या स्क्रीनवर देवनागरी उमटत नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. दिसायला भयंकर, पण चाललं. वेबसाइटवरही एक प्रत टाकली, माझ्या समाधानासाठी.

दिवाळीआधी संगीता कायम झाली. पेढे द्यायला पेणला आली, तेव्हा मला माझं बिल वसूल झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. काम जिथे अडतं तिथेच त्याची माहिती ठेवावी, एवढं मी त्या फाईलपासून शिकलो.

पुढच्या खंडेनवमीला मला बोलावणं आलं. पाटावर तीच फाईल, तसाच हार.

“अजून फाईलच?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे, भाऊ,” संगीता म्हणाली. “आता एरवी बी तिला कोन हात लावत नाय.”