तव्यावरचे इंग्लिश मफिन

मंडळी, पाहुणे आत्ताच गेले. कॉलनीच्या फळ्यावर हे लावल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कंपनीत मशीन बसवायला आलेले इंग्रज साहेब उद्या मायदेशी निघालेत. जाण्याआधी तुमच्याकडचे मफिन खाऊ घालीन, असा शब्द मी त्यांना दिला होता. हे केकसारखे नसतात, तव्यावर भाजलेले जाडसर गोल पाव असतात. कृती मी पुस्तकातून एकट्याने शिकलो. यीस्ट दापोडीच्या बेकरीतून आणलं. साचे म्हणून स्टीलच्या कड्या स्वतः लेथवर कातल्या, आतून आरशासारख्या गुळगुळीत.

तिथेच फसलो. पीठ फुगलं आणि कड्यांत असं घट्ट बसलं, की काढताना पहिले चारही फाटले. टूलरूममध्ये साचे बनवणारा माणूस मी, आणि वस्तू सहज सुटावी म्हणून साच्याला आतून द्यायचा उतारच विसरलो! साहेब तर कोणत्याही क्षणी येणार.

"अहो, भाकरीला कधी साचा लागतो का?" म्हणत हिने कड्या बाजूला सारल्या. तव्यावर रवा भुरभुरला, उरलेल्या पिठाचे गोळे तळहातावर हलकेच थापले आणि मंद आचेवर भाजले. सगळे एकसारखे! मी कॅलिपर लावून व्यास मोजला, राव.

साहेबांनी काट्याने मफिन उकलला. आत सुरेख जाळी. त्यावर लोणी लावलं, ते मुरू दिलं आणि एक घास घेतला. मग म्हणाले, "माझ्या आईचे इतके गोल नसायचे."

मी हिला मराठीत सांगितलं. ही म्हणाली, "त्यांना अजून एक वाढा."

मंडळी, रोज ताटात येणारी भाकरी तुम्ही कधी नीट निरखून पाहिली आहे का?