गोजराबाईंची मागची सीट

करंजाड्याच्या जुन्या गावात कोणाला नवी मोटरसायकल घ्यायची असली, की तो आधी शोरूमला जात नाही. आधी गोजराबाईंच्या ओट्यावर येतो आणि चहा घेता घेता विचारतो, "काकी, रविवारी वेल हाय का?" गोजराबाई ओळखतात. लगेच विचारतात, "कंची गारी?"

छप्पन्न वर्षांच्या या बाईंनी जन्मात कधी हँडल धरलेलं नाही. पण मागच्या सीटवर बसण्यात त्यांचा हात धरणारं माणूस उभ्या पनवेल तालुक्यात सापडणार नाही. त्यांची परीक्षा अगदी साधी. स्टीलच्या डब्यात गळ्यापर्यंत बोंबलाचं कालवण भरायचं, वर सैलसं झाकण ठेवायचं, डब्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळायचा आणि डबा मांडीवर घेऊन एका अंगाला बसायचं. तीन ब्रेकर आणि पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला एक रस्ता पार करून परत यायचं. रुमाल कोरा राहिला तर गाडी पास. रंगला तर नापास, मग ती कितीही सीसीची असो.

ही पद्धत एका फजितीतून निघाली. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, भाचीच्या हळदीला जाताना, नवरा देवजी यांच्या नव्या गाडीने टोपभर कालवण गोजराबाईंच्या कोऱ्या साडीवर ओतलं. त्या रात्री मांडवात हळद लागलेली नवरी एक आणि कालवण लागलेली मावशी एक, अशा दोघींकडेच सगळे बघत होते. तेव्हापासून गोजराबाईंनी गाडी बघितली की आधी सीट दाबून बघितली. आणि निकाल देताना नातंगोतं बघितलं नाही. सख्ख्या भावाची गाडी नापास केली तेव्हा भाऊ चार महिने बोलला नाही. पाचव्या महिन्यात कंबर धरून स्वतःच आला आणि म्हणाला, "ताय, तुजंच खरं."

तर अशा या गोजराबाई या रविवारी खोटं बोलायचं ठरवून शोरूमला निघाल्या होत्या.

कारण सून होती. मनस्वी खारघरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. रोज रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. संध्याकाळी घरी येते ती पिळून काढलेल्या लिंबासारखी. मुलगा दिपेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, त्याची वाट दुसऱ्या दिशेला. महिन्याभरापूर्वी दोघं खोलीत बोलत होती आणि गोजराबाई बाहेर तांदूळ निवडत होत्या. कान काही तांदळात नव्हते. मनस्वी म्हणाली होती, "एक तर चांगली बाइक घेऊया, नाय तर सरळ खारघरला फ्लॅट बघूया. मला हे रोजचं झेपत नाय." आणि दिपेशने कोणत्या तरी फ्लॅटवाल्याला फोनही लावला होता.

गोजराबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही, पण त्या रात्रीपासून त्या ताटावरून अर्धपोटीच उठू लागल्या. सून गेली तर घरात उरणार कोण? देवजी आणि टीव्ही. त्यातला टीव्ही निदान बंद तरी करता येतो. त्यातून मनस्वीनेच जाहीर केलं, "मागची सीट आई सांगतील. आई बोलल्या पास, तरच घ्यायची." त्यामुळे गोजराबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, की गाडी दगडाची असली तरी पास करायची.

दिपेशची यार्डात पाळी होती, म्हणून पनवेलच्या शोरूमला तिघंच आली. मनस्वी, देवजी आणि डब्यासकट गोजराबाई. विक्रेता हरेश गोजराबाईंना ओळखून होता. त्यांच्या रुमालापायी त्याच्या तीन गाड्या परत गेल्या होत्या. डबा दिसताच त्याने कपाळावरचा घाम पुसला. शोरूमला एसी होता.

देवजींनी गाडी बघितली आणि ते हरखूनच गेले. किल्ली फिरवताच हँडलमधला पडदा उजळला. हरेश सांगू लागला, की टाकीत आहे त्या पेट्रोलवर अजून किती किलोमीटर जाल ते इथे दिसतं, कितव्या गिअरला आहात ते इथे, फोन जोडला की रस्ता दाखवणारा बाण इथे. पावसासाठी वेगळा मोड आहे, तो लावला की गाडी अंगावर येत नाही, दमाने उचलते. चाक घसरायला लागलं तर ती स्वतःच जोर कमी करते. दोन्ही टायरांतली हवासुद्धा पडद्यावरच कळते.

"पुडं तेहतीस, मागं अठ्ठेचालीस!" देवजींनी मोठ्याने वाचलं. "आनि मागचा आकडा तर भगवा हाय, लुकलुकतो पन! काय झाक दिसतंय!"

"मागं बायको बसली तर वजन दाखवतं का र?" त्यांनी हरेशला विचारलं.

"तुमची जीभ कवरी लांब ते दाखवत असंल तर बगा," गोजराबाई म्हणाल्या.

मनस्वीचं लक्ष दुसरीकडे होतं. तिने बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघितलं. टेकले. हात पुढे केले तर पाठीत वाकावं लागलं नाही. स्कूटर नको असं तिने आधीच ठरवलं होतं, कारण कळंबोलीच्या बाजूला ट्रेलरच्या रांगेत एखादा खड्डा आला की स्कूटरचं लहान चाक आतच जाऊन बसतं. गाडी चालू केल्यावर हाताला मुंग्या येतात का हेही तिने बघितलं. नाही आल्या. ती इतकी खुलली की गोजराबाईंना वाटलं, झालं, आपलं काम झालं.

मग हेल्मेटचा गोंधळ झाला. गोजराबाईंच्या अंबाड्यावर ते बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, डबा मांडीवर आला, रुमाल गुंडाळला आणि सासू-सुनेची वरात निघाली.

पहिला ब्रेकर आला आणि गोजराबाई सीटवरून वीतभर उडाल्या. डबाही उडाला. दोघंही खाली आली, पण झाकण जरा उशिरा आलं. दुसऱ्या ब्रेकरला कालवण रुमालात, तिसऱ्याला पदरावर आणि खोदलेल्या रस्त्यावर थेट निऱ्यांत. "आई, कसं वाटतंय?" मनस्वीने ओरडून विचारलं. "पालना, पालना!" गोजराबाई दात घट्ट आवळून ओरडल्या. आतून मात्र त्यांचा जीव रडकुंडीला आला होता. असली दगडाची सीट त्यांना तीस वर्षांत भेटली नव्हती, आणि नेमकी हीच पास करायची होती.

परत येताच त्यांनी रुमालाचा बोळा करून कमरेला खोचला, डबा पाठीमागे लपवला आणि हरेशने विचारायच्या आत जाहीर केलं, "पास! एक थेंब सांडला नाय."

एसीच्या वाऱ्यावर बोंबलाचा वास शोरूमभर फिरला. कोपऱ्यात गाडी बघत असलेलं एक जोडपं नाक मुरडून इकडेतिकडे बघू लागलं. गोजराबाईंच्या निऱ्यांतून पिवळं-लाल कालवण टपटप टाइल्सवर पडत होतं. हरेशला आनंद झाला होता, पण बघावं कुठे ते त्याला समजत नव्हतं.

"आई," मनस्वी म्हणाली, "तुमी सख्ख्या भावाला सोडलं नाय. मग आज खोटं का बोलताय?"

"मी कनाला खोटं बोलू?"

"साडी बघा तुमची."

गोजराबाईंनी साडी बघितली आणि त्यांचा बांध फुटला. "मंग काय करू बाय? गारी फेल झाली तर तू जाशील खारघरला! मी आयकलंय सगलं! तू गेलीस तर मी बोलू कोनाशी, या मानसाशी?" त्यांनी देवजींकडे बोट दाखवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पदराने पुसायची सोय नव्हती, पदरावर कालवण होतं.

मनस्वीने तोंड उघडलं. पण तेवढ्यात पडद्यापुढे ठाण मांडून बसलेले देवजी ओरडले, "आरे हरेश, अजून अठ्ठेचालीसच! आनि यो भगवा रंग जातच नाय! नक्की हाय काय यो?"

हरेश धावत आला, पडद्याकडे बघितलं आणि जीभ चावली. मागच्या टायरात हवा फार झाली होती. गाड्या ट्रकमधून येतात तेव्हा हवा ठासून भरलेली असते. पुढची कमी केली होती, मागची राहून गेली होती. मागे माणूस बसवायचं तरी छत्तीस पुष्कळ. गाडी बिचारी किल्ली फिरवल्यापासून ठणाणा करून हेच सांगत होती आणि घरचा कर्ता पुरुष तिच्या रंगाचं कौतुक करत होता.

"मी मगासपासून तेच बोलतोय!" देवजी छाती काढून म्हणाले. ते तेच बोलत होते हे खरंच होतं, त्यामुळे कोणाला काही म्हणता येईना.

हवा उतरली, आकडा पांढरा झाला, डब्यात उरलेलं कालवण पाणी घालून पुन्हा गळ्यापर्यंत आणलं आणि हरेशने स्वतःच्या खिशातला धुतलेला रुमाल काढून दिला. दुसऱ्या फेरीत पहिला ब्रेकर कधी गेला ते गोजराबाईंना कळलंच नाही. दुसऱ्याला त्या नुसत्या जरा डुलल्या. खोदलेल्या रस्त्यावर तर त्यांना हसूच फुटलं, आणि ते थांबेना. "परत ने! परत ने गो!" म्हणत त्यांनी सुनेला तो रस्ता आणखी दोनदा पार करायला लावला. रस्त्यावरचे मजूर घमेली खाली ठेवून बघत राहिले.

रुमाल कोरा होता. आता पास म्हणताना गोजराबाईंचा आवाज मात्र मोठा निघाला नाही. गाडी पास झाली होती, पण मघाशी जे विचारलं त्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची हिंमत होत नव्हती.

हरेशने बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला. नाव लिहिलं. "पत्ता?"

"करंजाडे," मनस्वी म्हणाली.

हरेश लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, मघाशी खारघरचं ऐकलं म्हणून विचारतो. घर बदलणार असाल तर आत्ताच तिकडचा पत्ता द्या. नंतर कागदांवर बदलायचं म्हणजे फार हेलपाटे होतात."

गोजराबाई फॉर्मवर वाकल्या. देवजींनीसुद्धा पडद्यावरची नजर काढली.

"करंजाडेच लिहा," मनस्वी म्हणाली. "बदलायचा नाय. फ्लॅटचं मी वैतागून बोलले होते ओ. आणि खारघरला मला बोंबलाचं कालवण कोण करून घालणार?"

गोजराबाईंनी लगेच देवजींच्या खिशातून फोन ओढला आणि दिपेशला लावला. यार्डातल्या क्रेनच्या आवाजातून दिपेश ओरडून विचारत होता, "आई, गाडीचं काय झालं? पास का नापास?"

"गारी गेली खड्ड्यात!" गोजराबाई त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या. "त्या फ्लॅटवाल्याला सांग, दुसरा गिऱ्हाईक बग! तुमी घरातच ऱ्हाताय!"

हरेशने फक्त पहिलं वाक्य नीट ऐकलं, आणि सौदा मोडायच्या आत त्याने घाईघाईने फॉर्म आणि पेन सहीसाठी मनस्वीपुढे सरकवलं.