राणीची बारव
गच्चीवरची टाकी धुताना शेवाळाचा वास आला की मी चौसाळ्यापुढच्या त्या जुन्या वाटेवर जाऊन पोहोचतो. परदेशातले एक अभ्यासक जुन्या वस्तू आणि दंतकथा शोधत फिरत होते आणि मी त्यांचा दुभाषी होतो. भर दुपारी आम्ही एका बारवेच्या पायऱ्या उतरलो. वर ऊन पेटलं होतं, पण खाली हिरवा गारवा होता. पाण्यावरचा उजेड दगडी भिंतींवर हलत होता आणि पारव्यांचं घुमणं झोपेत ऐकल्यासारखं वाटत होतं. मेंढरांना पाणी पाजायला आलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, ही कुणी बांधली? "माझ्या सासूच्या सासूनं. मेंढरं तहानेनं मरायलीत म्हणून अंगावरचं सोनं मोडलं बाईनं. नवरा लई भांडला, अन् पाणी लागल्यावर सगळ्यात आदी त्योच पिला!" म्हातारी आणि मी दोघं हसलो. पाहुण्यांना सकाळपासून मनाजोगं काही मिळालं नव्हतं. आता परत जाऊ म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, एका राणीने बांधली. त्यांचा चेहरा उजळला. "काय सांगितलं रं त्यायला?" म्हातारीने विचारलं. "तुम्ही म्हणालात तेच, आजी." ती खूश झाली, पदर सारखा केला आणि फोटोसाठी ताठ उभी राहिली. आज तिथे राणीच्या नावाची पाटी आहे. तिथे कुठलीच राणी नव्हती. मेंढरांसाठी सोनं मोडणारी एक धनगरीण होती, आणि तिची गोष्ट त्या दुपारी समजलेला मी एकटाच होतो.