शाफ्टचं पान

आमच्या सोसायटीच्या सचिवांइतकं जर्मन भाषेवर प्रेम करणारा माणूस खुद्द जर्मनीतही सापडला नसता, आणि हे गृहस्थ तर आष्टीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तिथल्याच बाजारात भज्यांच्या रद्दीत त्यांना शब्दांची कुळं सांगणारा एक जर्मन कोश सापडला. निम्मी पानं गिऱ्हाइकांबरोबर आधीच गेलेली, त्यामुळे त्यांचं जर्मन 'एम'पाशी संपायचं. शेअर घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी 'गेनोसेनशाफ्ट्सअन्टाइल' म्हणायला लावत. अर्थ एवढाच, सहकारी सोसायटीचा शेअर. एक म्हातारा म्हणाला, "सायेब, येवढा लांब शेअर खिशात मावत न्हाई. आखूड द्या." मग ते शब्द फोडून दाखवत. 'गेनोसे' म्हणजे ज्याची गुरं आपल्या गुरांसंगं चरतात तो, 'अन्टाइल' म्हणजे वाटा. 'शाफ्ट'चं पान भज्यात गेलेलं, म्हणून तो त्यांनी विहिरीवरच्या इंजिनाचा धरला होता. "त्यो फिरला की समद्यांला पानी!"

पुढं पाणीच आटलं. सोसायटीनं गुरांची छावणी उघडली, फक्त सभासदांच्या गुरांसाठी. एक फिरस्ता गुराखी सात गाई घेऊन दोन दिवस फाटकाशी उभा होता. सचिव माझ्याकडे आले, मी चेअरमन. "सायेब, ज्याची गुरं आपल्यात चरली त्यो सभासद. शब्दातच हाय." मला हसू आलं. म्हणालो, "घ्या आत. कुणी विचारलं तर मी आहे."

आठवड्यात चारा कमी पडू लागला आणि सभा तापली. "भायेरची गुरं कावून घेतली? कुणाच्या हुकमानं?" समोर सगळी माझी मतं बसलेली. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. सचिवांच्या डोक्यात जर्मन शिरलंय." सभा लई हसली. सचिवांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "सायेबांचं बरोबर हाय. शब्द माझाच हुता."

त्यांची नोकरी गेली. गाई त्याच दुपारी उन्हात बाहेर काढल्या. सातांतल्या किती जगल्या, मी विचारलं नाही. नंतरही रस्त्यात सचिव भेटले की तेच आधी रामराम घालायचे.

शाफ्टचा अर्थ मी आता या वयात एका जाणकाराला विचारला. इंजिनाशी त्याचा संबंध नाही. शेजारपण, माणूसपण, यांतलं ते शेवटचं 'पण'. ऐकून सचिव खुळ्यासारखे खूश झाले असते, पण सांगायला ते राहिले नाहीत. सभेच्या वहीत मात्र अजून लिहिलेलं आहे, 'सचिवांनी परस्पर गुरं घेतली.' ते खोटं आहे. जर्मन शब्द तेवढा त्यांचा होता. गुराख्यासाठी दिलेला शब्द माझा होता.