मामांची आंधळी कोशिंबीर

अख्ख्या मिशिगनमध्ये परोपकाराची खाज माझ्या मामेसासऱ्यांइतकी कुणालाच नसेल, आणि ती ते कायम दुसऱ्याच्या पाठीवर खाजवतात. नोव्हायमध्ये गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात त्यांची हयात गेली, पण स्वतःला ब्रेक लावणं काही जमलं नाही. दृष्टी गेलेल्यांना पांढरी काठी घेऊन एकट्यानं वावरायला शिकवणारी एक संस्था इथं आहे. तिच्यासाठी मामा दरवर्षी एखादं 'चॅलेंज' घेतात आणि आम्ही निमूटपणे देणग्या देतो. एका वर्षी ते अर्धीच मिशी ठेवून ऑफिसला गेले. एका वर्षी आठवडाभर मौन पाळलं, तेव्हा देणग्यांचा असा पूर आला की मंडळींनी मुदत वाढवून मागितली. गेल्या वर्षी त्यांनी टी-शर्ट छापले, पुढे-मागे स्वतःचा हसरा फोटो. "अवेअरनेससाठी आहे, जावईबापू," ते मला म्हणाले. "ज्यांच्यासाठी छापलेत त्यांना तो दिसणार नाही, तेवढंच त्यांचं नशीब," मामी आतून म्हणाल्या.

मामींना हे म्हणायचा हक्क होता. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली आणि तेव्हापासूनच मामांना हा नाद लागला. पण जगातल्या समस्त अंधांनी स्वावलंबी व्हावं म्हणून घसा कोरडा करणारे मामा घरात मामींना पाण्याचा पेला उचलू देत नसत. चहा हेच करणार आणि फुंकर मारून हातात देणार. मामींना फार काही नको होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत एकटीनं जाऊन यायचं, एवढंच. "तुमच्या त्या संस्थेत माझं नाव घाला की," असं त्या म्हणाल्या की मामांचं उत्तर ठरलेलं. "नेक्स्ट इयर बघू. बाहेर आइस असतो, स्लिप होशील." आणि हे भर जुलैत.

यंदा डोळ्यांवर पट्टी बांधून पार्कला फेरी मारायचं ठरलं. मामांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "शनिवारी पार्कमध्ये आंधळी कोशिंबीर. सगळ्यांनी यावं." आता इथल्या मराठी माणसाला पॉटलकशिवाय, म्हणजे घरटी एकेक पदार्थ नेऊन जेवल्याशिवाय, पार्क ठाऊक नाही. 'आंधळी' ही मामांची नेहमीची टायपिंगची चूक समजून कुणी काकडीची आणली, कुणी गाजराची, कुणी बिटाची. टेबलभर नुसत्या कोशिंबिरी, पोळी एकाही घरची नाही. "अहो, मग मेन कोर्स कुणाकडे होता?" मंडळाच्या सेक्रेटरीबाई विचारत राहिल्या.

मामा डगमगले नाहीत. त्यांनी पट्टी बांधली, "आज मी त्यांचं जग एक्सपीरियन्स करणार आहे," असं भाषण ठोकलं आणि दुसऱ्याच पावलाला कोपरापर्यंत बिटाच्या कोशिंबिरीत गेले. तिथून दचकून फिरले, ते भलत्याच दिशेला. आम्ही पोट धरून हसत होतो. पण थोड्या वेळानं ते जागीच उभे राहिले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "अगं, कुठे आहेस तू?" पट्टी आपल्याच हातानं काढता येते, हे त्यांना सुचलंच नाही. मामी खुर्चीवरून उठल्या आणि आवाजाच्या रोखानं सावकाश त्यांच्यापर्यंत गेल्या. "फोडणीच्या हिंगाचा एवढा वास सुटलाय, टेबल कुठे आहे ते कळत नाही का तुम्हाला? धरा माझा दंड." त्या पुढे, मामा मागे, असे ते दोघं गवतावरून चालत गेले. परतताना गाडीत मामा बराच वेळ गप्प होते, आणि या मौनासाठी कुणी देणगी दिली नव्हती. मग म्हणाले, "तुझ्या त्या क्लासचं रजिस्ट्रेशन करून टाकू."

आता मामी पांढरी काठी घेऊन रोज टपालपेटीपर्यंत एकट्या जातात. म्हणजे, मामा मागून येतातच, चपला हातात घेऊन, अनवाणी, श्वास रोखून. परवा मी मामींना हळूच विचारलं, "मामा मागे असतात, तुम्हाला माहीत आहे ना?"

"त्यांचे गुडघे वाजतात ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी कोपऱ्यावर जरा थांबते. दमतात ते आता."