धुतलेल्या तबकड्या

वडील गेल्यावर त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची दोन खोकी माझ्या वाट्याला आली. साताऱ्यातलं माझं घर दोन खोल्यांचं, त्यातली एक मी न वाचलेल्या पुस्तकांनी अडवलेली. म्हणून विकायचं ठरवलं. साताऱ्यातल्याच एका शौकिनानं फोनवर विचारलं, "स्वच्छ आहेत ना?"

"आरशासारख्या!" मी न बघताच सांगून टाकलं. माझे बहुतेक घोटाळे अशाच उत्साहात सुरू होतात.

खोकी आणायला सांगलीला आईकडं गेलो. आई म्हणाली, "विक बाबा. पर त्यातल्या दोन मला ठिव. मी दावते कुठल्या."

आईला गेली दहा-बारा वर्षं ऐकू येत नाही, वाचता तर कधीच आलं नाही. दोन तबकड्या ठेवून ही करणार काय, असं मनात आलं. विचारायचं मात्र सुचलं नाही.

खोकी उघडली तर आत सगळा पिवळा कारभार. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात होते. दिवसभर हळकुंडं मोडून आतला रंग बघायचे. बोटं कितीही धुतली तरी पिवळीच. तबकडी धरायची शिस्त मात्र कडक: अंगठा कडेला, बोटं मधल्या लेबलावर. त्यामुळं लेबलालेबलावर त्यांची बोटं उठलेली.

दुपारी आई आडवी झाल्यावर मी कागदी पाकिटं बंबात घातली, पाणी कोमट केलं, टबात साबण ढवळला आणि घासायला बसलो. साबण लागला की हळद लाल होते, हे सांगलीत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. टबातलं पाणी लाल झालं, तरी मी शीळ घालत घासतोच आहे. लेबलं पांढरीफटक पडली, काही सुटून पाण्यावर तरंगायला लागली. तबकड्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

आई उठून आली. एकेक तबकडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"लय पिवळी व्हती ती कुठं हाय रं?"

"धुतल्या!" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"सगळ्या?"

मी मान हलवली. जी वडिलांनी जास्त लावली, ती जास्त पिवळी. आईला तेवढंच वाचता येत होतं, आणि तेवढंच मी पुसून ठेवलं होतं.

शौकिनानं फोटो बघून, "लेबलं नाहीत? मग घेऊन काय करू?" म्हणत विषय मिटवला. खोकी सांगलीतच राहिली.

आता दर रविवारी जातो आणि एकेक तबकडी लावतो. वाटलं होतं, त्यांच्या आवडीचं गाणं कानावर पडलं की ओळखेन. पण ते लावायला बसले की मी खेळायला पळायचो, हे आता आठवतंय.

आई समोर बसते. तबकडीकडं नाही, माझ्याकडं बघते.

"ही व्हय?" मी खुणेनं विचारतो.

"मला काय ठावं? कान गेल्यापासनं मी त्यांचं तोंड बघायची. आवडीची लागली की कळायचं."

मग ती माझं तोंड निरखत राहते. मी जमेल तेवढा भावपूर्ण चेहरा करतो.

"न्हाई," ती म्हणते. "दुसरी लाव."